सव्वा किलोची प्लेट

आमच्या जिमची फी महिन्याची. फी महिन्याची म्हटल्यावर फरकही महिन्याच्या महिन्याला दिसला पाहिजे, असा येणाऱ्याचा साधा हिशेब असतो. वहीत नाव लिहून घेत असतानाच विचारतात, "भाई, बॉडी बनने कू कित्ते दिन लगते?" याला खरं उत्तर आहे, पण ते ऐकलं की गिऱ्हाईक शेजारच्या गल्लीत जातं. तिथे तीन महिन्यांचं पॅकेज आणि तीन महिन्यांची बॉडी एकाच बोर्डावर रंगवलेली असते. आमच्या धंद्यात वेग विकला जातो. स्नायू कशाने भरभर वाढतो, कशाने अडतो आणि कुठे पोचल्यावर कितीही आपटलं तरी हलत नाही, हे मात्र एकेका माणसाच्या अंगावर वर्षानुवर्षं बघावं लागतं. माझं काम म्हणजे बहुतेक हेच.

आमची जिम आहे ते शिवाजीनगर बंगळूरचं. गावाकडच्या पाहुण्यांना नाव ऐकून वाटतं, इथे मराठी वस्ती असणार. इथे कानावर पडते ती दखनी, तमिळ आणि कन्नड. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून ब्लॅकपल्ली हे जुनं नाव येतं. एका बाजूला रसेल मार्केट, दुसऱ्या बाजूला सेंट मेरी बॅसिलिका, पुढे बस स्टँड, आणि कमर्शियल स्ट्रीटला लागून ज्वेलर्स स्ट्रीट. आमचं कुटुंब इथे आलं ते या शेवटच्या रस्त्यामुळे. वडील आटपाडीहून सोन्याचांदीच्या गलाईसाठी आले. विटा, खानापूर, आटपाडी या बाजूचा माणूस हिंदुस्थानातल्या कुठल्याही सराफ गल्लीत सापडतो, तसे आम्ही इथे सापडलो. भट्टी भावाकडे गेली आणि मी लोखंडाकडे वळलो. वडिलांना ते बरेच दिवस रुचलं नव्हतं. शुद्ध केलेल्या सोन्याला भाव असतो, पन्नास किलो लोखंड उचलून परत जागेवर ठेवण्याला कोण पैसे देणार, असा त्यांचा सवाल होता.

जिममध्ये मार्केटातले खाटीक येतात, शिंपीकाम करणारी पोरं येतात, गुजरीतले, म्हणजे भंगार बाजारातले, स्पेअर पार्टवाले येतात, आमच्या गलाईची पोरं येतात. पहिल्या महिन्यात सगळ्यांचं एकच होतं. वजनं भराभर वाढतात. वीस किलोचा नुसता बार जड जाणारा पोरगा दीड महिन्यात चाळीस किलो बेंच करायला लागतो आणि आरशासमोरून हलत नाही. दंडाला टेप लावला तर पाव इंचही वाढ नसते. या दिवसांत वाढते ती मुख्यतः मज्जासंस्थेची हुशारी. आहे त्याच स्नायूतले जास्त तंतू एका वेळी कामाला लावणं शरीर आधी शिकतं, जाडी वाढवण्याचं खर्चिक काम मागाहून हातात घेतं. हे मी सगळ्यांना सांगतो, कोणाला पटत नाही. टेपचीही एक गंमत आहे. पोरं व्यायाम झाल्यावर टेप मागतात, कारण तेव्हा रक्त भरून दंड फुगलेला असतो. मी व्यायामाआधी मोजतो, म्हणून मी कंजूष.

माझे आजोबा औंध संस्थानातल्या शाळेत शिकले. आटपाडी तेव्हा औंधात होती आणि राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी शाळाशाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. हे राजेसाहेब तरुणपणी शरीरसौष्ठवपटू सँडोचे भक्त. १८९७पासून दहा वर्षं त्यांनी सँडोची साधनं वापरली, मग ते नमस्कारांकडे वळले आणि त्यांचा प्रसार आयुष्यभर केला. आजोबांनी शाळेत लागलेली सवय म्हातारपणापर्यंत सोडली नाही. पोट सपाट, पाठ ताठ, जिना चढताना धाप नाही. पण अंगावर मांस म्हणाल तर बेताचंच. घरातल्या जुन्या फोटोंत विशीतले आणि साठीतले आजोबा यांच्या खांद्यांत फारसा फरक दिसत नाही. याचं कारण ओळखायला माझ्या धंद्यात यावं लागलं. नमस्कार घालताना उचलायचं ओझं म्हणजे स्वतःचंच शरीर, आणि ते काही दर आठवड्याला वाढत नाही. सुरुवातीला बारा नमस्कारांत दम निघतो, तेव्हा छाती-खांद्यांना कारण मिळतं. पुढे शंभर सहज होऊ लागले की स्नायू दमदार होतो, जाड व्हायचं थांबतो.

हेच रसेल मार्केटातल्या एका खाटकाच्या हातावर फार स्पष्ट दिसतं. पोरगेला असल्यापासून उजव्या हातात सत्तूर. उजव्या मनगटाच्या वरचा भाग डाव्यापेक्षा एक इंच तरी जाड, बोटं मिटली की कातडीखाली दोऱ्या ओढल्यासारखे स्नायू उठतात. तो म्हणाला, हा हात पहिल्या दोनतीन वर्षांत असा झाला, मग तसाच राहिला. बकरी रोज तेवढीच, सत्तूर तोच, हाडं तीच. रमजानच्या आणि बकरीदच्या आधीच्या दिवसांत काम दुप्पट होतं, तेव्हा हात दुखतो, पण वाढत नाही. रोजचं कष्टाचं काम म्हणजे आयता व्यायाम, असं मानणाऱ्यांना मी हा हात दाखवतो. कामाने शरीराला कामापुरतं बनवलं आणि तिथे थांबवलं. डावा हात मात्र आम्ही डंबेलवर घेतला तेव्हा आठ-नऊ महिन्यांत त्याने अंतर बरंच कापलं, कारण त्याच्यासाठी प्रत्येक महिन्याचं ओझं नवं होतं.

ओझं नवं ठेवायचं म्हणजे वाढवत न्यायचं, हे आता प्रत्येक पोराला ठाऊक असतं. अडतं ते वाढवायचं किती, यावर. बहुतेक जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची. दोन्ही बाजूंना एकेक लावली की एकदम पाच किलो वाढतात. शंभर किलोच्या स्क्वॉटला पाच किलो म्हणजे विसावा हिस्सा, ठीक आहे. खांद्यावरून वर ढकलायच्या प्रेसला पोरगा तीस किलोवर असतो. तिथे पाच किलो म्हणजे सहावा हिस्सा. तो हिस्सा कोणत्याही खांद्याला एका आठवड्यात झेपत नाही. मग तो महिनोन्‌महिने तीसवरच, किंवा पस्तीस लावून पाठ मागे वाकवतो आणि खांद्याचं काम छातीकडून करून घेतो. नंतर येऊन सांगतो की खांदे वाढायचे थांबले, जेनेटिक्सच तसं आहे. मी आमच्या मागच्या लेथवाल्याकडून सव्वा किलोच्या आणि अर्ध्या किलोच्या लोखंडी चकत्या कापून घेतल्या. गुजरीतलं भंगार, मध्ये बारच्या मापाचं भोक, वर रंगाने आकडा. परदेशी यंत्रांपेक्षा त्या चकत्यांनी जास्त खांदे पुढे नेले आहेत. दिसायला त्या इतक्या क्षुल्लक की त्या लावताना पोरं आजूबाजूला बघतात, कोणी हसत तर नाही ना.

दुसरी गोष्ट सेटची. सोमवारी शिवाजीनगरातल्या कुठल्याही जिममध्ये जा, बेंचसमोर रांग असते. सोमवार छातीचा. पोरं त्या दिवशी पंचवीस-पंचवीस सेट मारतात आणि पुढच्या सोमवारपर्यंत छातीला हात लावत नाहीत. पायांचा वार शनिवार, आणि शनिवारी बाजार असतो, लग्नं असतात, पाऊस असतो. आठवड्याला एखाद्या स्नायूचे दहा किंवा अधिक दमदार सेट झाले तर चार-पाच सेटांपेक्षा वाढ जास्त होते, हे आता अनेक प्रयोग एकत्र करून दिसलं आहे. पण तेच सेट दोन दिवसांत वाटले तर शेवटचे सेट नुसते मोजण्यापुरते उरत नाहीत. एका दिवशी पंचवीस मारणाऱ्याचे सहाव्या-सातव्या सेटनंतरचे रेप मी कडेला उभा राहून बघतो. बार छातीपर्यंत येतच नाही, कंबर उचलते, आणि मागे उभा असलेला दोस्त दोन बोटं लावून अर्धं वजन स्वतः उचलतो, वर ओरडतो, "अकेला तू, अकेला तू!"

कठीण सेट म्हणजे किती कठीण, हे ओळखायला मी तोंडाकडे बघत नाही. काही पोरं पहिल्याच रेपला दात-ओठ खातात. मी बारकडे बघतो. पूर्ण जोर लावूनही बार आपोआप हळू वर जायला लागला की आता आणखी दोन किंवा तीन उरलेत हे कळतं. वाढ तिथे होते. तिथवर न जाता थांबलेला सेट घाम आणतो, इतकंच. आणि तिथवर जायचं असेल तर वजन जड की हलकं, याने जाडीच्या वाढीत फारसा फरक पडत नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २०१२ साली केलेल्या प्रयोगात पोरांचे पाय दहा आठवडे व्यायामाला लावले होते. जास्तीत जास्त उचलता येईल त्याच्या ८० टक्के वजनाने तीन सेट करणारे पाय आणि ३० टक्क्यांनी तीन सेट थकेपर्यंत करणारे पाय, दोन्ही सुमारे सात टक्क्यांनी वाढले. ८० टक्क्यांचा एकच सेट केलेल्या पायांची वाढ त्याच्या निम्म्याहून कमी. ताकद मात्र जड वजनानेच जास्त आली. हे मला फार उपयोगी पडलं. शिवणयंत्रावर दिवसभर वाकून ज्यांचे खांदे कुरकुरतात त्यांना मी निर्धास्तपणे हलकी वजनं देतो. ती पंचवीस-तीस रेपपर्यंत नेतो, आणि त्यांना त्यात कमीपणा वाटू नये म्हणून कोपऱ्यातला बेंच देतो.

इथवर वेगाचं झालं. आता मर्यादेचं, ज्याबद्दल कोणी पैसे देऊन ऐकत नाही.

एकाच शिंप्याच्या दुकानात काम करणारी दोन पोरं एकाच दिवशी नाव घालून गेली. एकाच खोलीत राहणारी, एकाच खानावळीत जेवणारी, वय सारखं, दोघांची वही मी लिहायचो. वर्षाअखेर एकाच्या दंडावर दीड इंच चढला. दुसऱ्याचा अर्धा इंचही नाही. आळस म्हणावा तर हजेरी दुसऱ्याचीच जास्त होती. अमेरिकेत ५८५ जणांना बारा आठवडे एकाच हाताचा सारखाच व्यायाम देऊन पाहिला, त्याचे आकडे २००५ साली आले. दंडाच्या स्नायूचा आकार कोणाचा ५९ टक्क्यांनी वाढला, कोणाचा दोन टक्क्यांनी घटला. बाकीचे सगळे मधे पसरलेले. व्यायाम तोच. तेव्हा तीन महिन्यांत किती इंच, हे बोर्डावर रंगवणाऱ्याने निदान कोणाचे ते तरी लिहावं.

आमच्या गलाईच्या पोरांचं आणखी निराळं. सोळाव्या-सतराव्या वर्षी गावातून येतात. हात काड्यांसारखे, कपड्यात बारीक दिसतात, शर्ट काढला की कमरेवर गुबगुबीत वळी. वजनकाटा म्हणतो सगळं नॉर्मल. या शरीराचा माग पुण्यात लागला आहे. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळंतपणांचा अभ्यास केला. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. पण त्या कमी वजनात चरबी फारशी कमी झालेली नसते, मांस कमी झालेलं असतं. याज्ञिकांनी आणि त्यांच्या जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याने २००४ साली लॅन्सेटमध्ये स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. स्नायूतल्या तंतूंची संख्या जवळपास जन्माच्या सुमारासच ठरते, पुढे आपण व्यायामाने वाढवतो ती त्यांची जाडी. म्हणजे आटपाडीच्या एखाद्या दुष्काळी वर्षी आईच्या ताटात काय होतं, त्याचा थोडासा हिशेब बंगळुरातल्या माझ्या वहीत येतो. पोराला मी हे असं सांगत नाही. त्याला सांगतो, वजन वाढवायची घाई करू नकोस, आधी टेप कमरेला लाव.

खाण्याचंही त्याला सांगावं लागतं. दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनं, त्यापलीकडे स्नायूला फारसा लाभ होत नाही, असं २०१८च्या एका मोठ्या पाहणीत दिसलं. पंचावन्न किलोच्या पोराला अठ्ठ्याऐंशी ग्रॅम. खाटकाच्या घरी ते न मोजता होतं. भट्टीवर बसणारा सकाळी इडली, दुपारी भात-सांबार, रात्री भात-रसम खातो, त्याचं चाळीसवरही जात नाही. डबा त्याच्या हातात असतो तोवर मी हुलगे, शेंगदाणे, अंडी, सोयाबीनच्या वड्या यांवर अडून बसतो. डब्याच्या पैशात पावडरचा एक चमचा येतो, आणि पावडरची आधी विचारणा होते.

विचारणा अजून एका गोष्टीची होते, आवाज खाली आणून. "कोर्स" म्हणतात. १९९६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला एक प्रयोग मला तोंडपाठ आहे. पुरुषांना दहा आठवडे दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलं. व्यायाम करून खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांचं चरबीशिवायचं वजन सुमारे दोन किलोंनी वाढलं. काही व्यायाम न करता खरं इंजेक्शन घेणाऱ्यांचं तीन किलोंहून जास्त. दोन्ही करणाऱ्यांचं सहा. हे आकडे लपवून "इंजेक्शनने नुसतं पाणी भरतं" असं सांगणारे ट्रेनर पोरांना मूर्ख समजतात. पोरं इंजेक्शनचा गुण डोळ्यांनी बघतात, मग ट्रेनरच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवत नाहीत. मी आकडे सांगतो आणि पुढचंही सांगतो. शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवायचं बंद करतं, वीर्य आटतं, रक्त दाट होतं, आणि बाटली डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय आलेली असेल तर आत काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. लग्न ठरलेल्या पोरांवर यातल्या एकाच वाक्याचा परिणाम होतो. कोणतं ते सांगायला नको.

फोटो बघून मापं मागणं हे काही इन्स्टाग्रामपासून सुरू झालं नाही. इथून फार लांब नाही त्या जे. सी. रोडवर के. व्ही. अय्यरांची व्यायामशाळा होती. आधीच्या हर्क्युलिस जिम्नॅशियममधून सुरू झालेला हा माणूस बारबेल, सूर्यनमस्कार आणि आसनं एकत्र शिकवायचा, टपालाने धडे पाठवायचा. १९३० साली त्यांचं 'मसल कल्ट' आलं. त्यातल्या फोटोंतलं शरीर आजही मान वर करून बघावं असं आहे. त्याच अय्यरांनी कन्नडमध्ये 'शांतला' ही कादंबरी लिहिली, हे मला त्यांच्या दंडापेक्षा जास्त थक्क करतं. धडे सगळ्यांना सारखे जात असणार, शरीरं सगळ्यांची अय्यरांसारखी झाली नसणार. तेव्हाही टपालाने महिन्याच्या महिन्याला कोणीतरी विचारत असेलच.

मी स्वतः मर्यादेची भीती कोणाला घालत नाही, कारण तिथवर पोचलेले माझ्या डोळ्यांसमोर हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. बाकीचे अलीकडेच थांबलेले. बीएमटीसीतून, म्हणजे इथल्या सिटी बसमधून, निवृत्त झालेले एक ड्रायव्हर येतात. तीस वर्षं सीटवर बसून मांड्या गेलेल्या, बेंचवरून उठताना हात टेकायचे. १९९० साली बोस्टनच्या वृद्धाश्रमात नव्वदीतल्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा जड व्यायाम दिला होता. ताकद सरासरी १७४ टक्के वाढली, मांडीचा स्नायू नऊ टक्के. आमचे ड्रायव्हर तर त्या मानाने पोरसवदा. त्यांना मी बेंचवर बसून उठायला लावलं, मग छातीशी डंबेल धरून, मग बेंच काढून. आता ते पोरांना बजावतात की शनिवार बुडवू नका.

रमजानात जिमची वेळ उलटते. तरावीहच्या नमाजानंतर रात्री दहा-साडेदहाला पोरं येतात, सामोसे खाऊन. मी सेट निम्म्यावर आणतो, वजनाला हात लावत नाही. वाढवायला जेवढं लागतं त्याच्या फार थोड्यात टिकतं. अलाबामातल्या प्रयोगात सोळा आठवडे कमावलेला स्नायू तरुणांनी नवव्या हिश्शाच्या व्यायामावर पुढचे बत्तीस आठवडे राखला. म्हाताऱ्यांना तेवढ्यात राखता आला नाही, म्हणून ड्रायव्हरना मी सूट देत नाही. सप्टेंबरात बॅसिलिकेच्या जत्रेला रस्ते भरतात, भगवी वस्त्रं घातलेले भाविक चालत येतात. त्या आठवड्यात तमिळ पोरं गायब. आमची गलाईची पोरं दिवाळीला आटपाडीला जातात ती कधीकधी पेरणी, लग्न, आजारपण करून चार महिन्यांनी उगवतात. परत आल्यावर जुनं अंग नव्यापेक्षा भरभर भरतं. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय की व्यायामाने तंतूत वाढलेली केंद्रकं स्नायू बारीक झाला तरी बराच काळ शिल्लक राहतात. पोरांना याच्याशी काही देणंघेणं नाही, त्यांना आपलं मागचं वजन कधी येतं एवढंच हवं असतं.

गलाईच्या पोरांतला एकजण परवा मुंबईत झवेरी बाजारातल्या दुकानात लागला. तिथल्या नव्या जिममध्ये कुठून सुरू करू म्हणून त्याने त्याच्या वहीच्या शेवटच्या पानाचा फोटो मागवला. पाठवला, आणि खाली लिहिलं, पहिले दोन आठवडे प्रत्येक वजनातून तिसरा हिस्सा काढ, प्रेसमधून अर्धा. त्याचं उत्तर आलं, "भाऊ, इथे सव्वा किलोची प्लेट नाही." लेथवाल्याला सांगून चार चकत्या कापायला टाकल्या आहेत. दिवाळीला तिकडे जाणारा कोणी भेटला की देईन.